दफेदारांचं मैदान

हरसिंग दफेदारांकडे घोड्यावर बसायला शिकायचं, तर पहिले आठ दिवस घोड्याला हात लावायला मिळत नसे. हातात एक टोपली मिळे आणि मैदानातले गोटे वेचावे लागत. व्यापाऱ्याचा मुलगा असो की हमालाचा, सुटका नव्हती. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "जिथी पडाचं हाये, थे जागा आधी साफ करा लेकहो. पडनार तं हायेच तुमी."

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी अकरा वर्षांची होते. वणीत निर्गुडेच्या काठाला एका जुन्या कापूसवाल्या शेठजींची मोकळी जमीन होती आणि दफेदार त्यांच्या पागेत चाकरीला होते. शेठजींच्या परवानगीने ते संध्याकाळी गावातल्या मुलांना तिथे घोडेस्वारी शिकवत. शाळा सुटली की मी कुंपणाला टेकून बघत उभी राही. चार-पाच दिवसांनी ते सरळ माझ्यापाशी आले. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, खाकी सदरा, लाल फेटा, पाय गुडघ्यात बाहेर वाकलेले.

"काहून वो छोरी, रोज उभी राहून काय पाह्यते?"

"घोडे."

"पाह्याचे पैसे नाई लागत. पन इथी उभं राह्याचं असन तं टोपली घे."

आईला हे अजिबात पसंत नव्हतं. मुलीचा हातपाय मोडला तर पुढे कोण पत्करणार, हा तिचा प्रश्न. दफेदारांच्या कानावर गेलं तेव्हा ते घरी आले. ओट्यावर बसले, पाणी घेतलं, चहा नको म्हणाले.

"बाई, मले दोन पोरी होत्या. मोठीले घोड्याचं लई वेड. म्या बसू देल्लं नाई. तांड्यातले लोक हासतीन म्हनून. मंग एका साली देवीची साथ आली, दोघीबी गेल्या." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तवापासून मले लोकायच्या हासन्याचं भेव नाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशी आईने बाबांच्या जुन्या धोतराचा मला पायजमा शिवून दिला.

दफेदार मूळचे फुलसावंगीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे. त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून मुलूख पालथा घातला होता. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. दफेदार घोडदळात भरती झाले, दफेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले, तर काही वर्षांत तिथले घोडे गेले आणि लोखंडी गाड्या आल्या. हे ते हसून सांगत. "आमच्या घरान्याचं असंच हाये. जे जनावर आमी धरतो, त्याच्या मांगं इंजन लागते."

मैदानावर शेठजींची एक घोडी आणि दफेदारांचे स्वतःचे चार तट्टू होते, आणि आम्ही वीसेक मुलं. माझे बाबा गावातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्यांचं अक्षर सुंदर. त्यांनी एका फळीवर 'बाल घोडेस्वार मंडळ' असं रंगवून दिलं. दफेदारांना वाचता येत नव्हतं, पण ती फळी ते रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत. आम्हाला ते कधी शाबास म्हणाले नाहीत. कुणी नीट दुडकी चाल धरली की घोड्याच्या मानेवर थाप मारत आणि म्हणत, "तू सांभाळलं बाप्पा या लेकराले." पहिल्यांदा ती थाप माझ्या घोड्याला मिळाली तेव्हा मी घरापर्यंत पळत गेले होते.

दोन वर्षं अशी गेली. मग शेठजी वारले. जमिनीचा कागद आमच्याजवळ नव्हता, नुसता शेठजींचा शब्द होता आणि तो त्यांच्याबरोबर गेला. त्या सुमाराला कोळशाच्या ट्रका वाढल्या होत्या. एका वाहतूकदाराला ट्रका उभ्या करायला ती जागा हवी होती. शेठजींचे थोरले चिरंजीव माणूस वाईट नव्हते. बाबांना म्हणाले, "अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो. अर्धी रक्कम आणा, बाकीची हप्त्याहप्त्याने द्या. जमीन पोरांच्या मंडळाची."

शाळेचे हेडमास्तर, एक अडत्ये आणि बाबा अशा तिघांची समिती झाली. पैशांची पेटी बाबांकडे आली.

कापसाचा हंगाम होता. बाजाराबाहेर बैलबंड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. आम्ही खोगिराला पोतं बांधून रांगेच्या कडेने घोडे नेत असू, आणि एकेक बंडीवाला आपल्या कापसातला मूठभर आमच्या पोत्यात टाकी. जमलेला कापूस अडत्ये विकून देत. मारेगावच्या आठवडी बाजारात आम्ही कसरती करून दाखवत असू. धावत्या घोड्यावरून मी जमिनीवरचा रुमाल उचलला तेव्हा एका भाजीवालीने जवळ येऊन माझी वेणी धरून पाहिली. "पोरगीच हाये न वो!" म्हणाली आणि कमरेची पिशवी सोडून सगळी चिल्लर माझ्या ओंजळीत ओतली.

मागायची वेळ आली की दफेदार घोडीच्या आड जाऊन उगाच तिचा नाल बघत बसत. "मांगाचं काम तुमचं. माह्या तोंडातून थो शब्दच निघत नाई." महिन्यांमागून महिने त्यांनी आम्हाला गावोगाव नेलं, पण एकाही माणसापुढे हात पसरला नाही. माघ आला तेव्हा बाबा म्हणाले, आता थोडंच कमी आहे.

त्याच महिन्यात मारेगावहून परतताना ते घडलं. गुणवंता नावाचा नऊ वर्षांचा मुलगा घोडीवर होता. त्याचे वडील नव्हते, आई कापूस वेचायला जायची. दफेदार लगाम धरून पुढे चालत होते. मागून ट्रक आली, भोंगा वाजला आणि घोडी उधळली. लगाम दफेदारांच्या हातातून निसटला, कापसाचं पोतं एका अंगाला ओढलं गेलं, गुणवंता खाली आला, पण त्याचा डावा पाय रिकिबीत अडकून राहिला. घोडी थांबेपर्यंत तो फरपटत गेला. रस्त्यावर पांढरा कापूस पसरला होता आणि आम्ही मुलं नुसती ओरडत होतो. त्या ट्रकवाल्यानेच त्याला गाडीत घेतलं. दफेदार त्याला मांडीवर घेऊन बसले. त्यांचा फेटा त्यांनी गुणवंताच्या पायाला गुंडाळला होता. त्यांना उघड्या डोक्याने मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. नागपूरला एक सर्जन आहेत, ते कदाचित वाचवतील, पण दोन-तीन शस्त्रक्रिया, रक्त, औषधं, काही महिन्यांचा मुक्काम, खर्च मोठा होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती आमच्या ओसरीवर बसली. अडत्ये म्हणाले, "लोकांनी जमिनीसाठी दिलंय. त्यांना काय तोंड दाखवायचं?" हेडमास्तर खाली मान घालून होते. दफेदार पायरीवर उभे होते, वर आले नाहीत.

"कंपाउंडरसायेब," ते म्हणाले, "आजलोक म्या कोनाले काई मांगतलं नाई. आज मांगतो. थे पेटी द्या."

"दफेदार, मैदान जाईल."

"जाऊ द्या. मैदान पोरायसाठी होतं न? मंग पोराचंच काम हाये."

बाबा बसून राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शेवटी बाबा उठले, आत गेले आणि पेटी घेऊन आले.

दफेदार गुणवंता आणि त्याच्या आईबरोबर नागपूरला गेले आणि चार महिने तिथेच राहिले. पैसे पुरले नाहीत तेव्हा मधे एकदा येऊन त्यांनी चारही तट्टू विकले. अक्षय्य तृतीया आली आणि गेली. गुणवंताचा पाय वाचला; जमिनीभोवती मात्र तारेचं कुंपण पडलं.

मला राग आला होता. ते कबूल करायला हवं. दफेदार परत आल्यावर मी त्यांना तोंडावर म्हटलं, "एका पायासाठी सगळ्यांचं मैदान गेलं."

ते रागावले नाहीत. घोडीला खरारा करत होते, तो हात थांबवून त्यांनी विचारलं, "तुले पाय किती हायेत वो छोरी?"

"दोन."

"त्यातला एक देते का त्याले?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "मैदान गेलं, मलेबी वाईट वाटून राह्यलं. रात रात झोप नाई. पन वाईट वाटनं येगळं आन् चुकनं येगळं. चुकलो म्या त्या रस्त्यावर. लगाम सुटला माह्या हातातून."

नव्या मालकाला पागा नको होती. पावसाळा संपताच दफेदार आपल्या तांड्याकडे निघाले. घोडी शेठजींच्या चिरंजीवांनी त्यांनाच देऊन टाकली होती. पण ते तिच्यावर बसले नाहीत. माघातल्या त्या दिवसापासून ते घोड्यावर बसलेच नव्हते. तिला हाताने धरून, सात-आठ दिवसांची वाट ते पायी चालत गेले. आम्ही मुलं गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेलो. त्यांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे वळून पाहिलं नाही.

सहा-सात वर्षांनी बाबा, गुणवंता आणि मी त्यांना भेटायला गेलो. मी तोवर प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले होते. गुणवंता सायकलच्या दुकानात कामाला लागला होता आणि भेटायला जायचा हट्ट त्याचाच होता. मोटारीतून उतरून तांड्यापर्यंत उन्हात चालत गेलो. घोडी केव्हाच मेली होती. अंगणात लिंबाखाली बाजेवर दफेदार बसले होते. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. बाबा काही बोलणार एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा. कोन हाये हे? डावा पाय आखडते याचा."

आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. घोड्याची टाप ऐकून त्याचं दुखणं सांगणारा तो माणूस होता.

"चाल बाप्पा," ते म्हणाले. "त्या टोकालोक जा आन् वापस ये."

गुणवंता अंगणाच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. "अजून एक डाव," ते म्हणाले. तो पुन्हा गेला. दफेदार मान तिरकी करून ऐकत होते. दुसऱ्यांदा तो परत आला तेव्हा त्यांनी मान सरळ केली.

"पुरं वजन टाकून राह्यला," ते म्हणाले. "पुरं वजन टाकते म्हंजे दुखत नाई." आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

निघताना बाबा त्यांच्यापाशी खाली बसले. "दफेदार, त्या दिवशी पेटी आणायला मी लगेच उठलो नाही. अजून टोचतं."

"उठले न पन," दफेदार म्हणाले आणि बाबांचा हात चाचपून धरला.

त्याच वर्षी पोळ्याच्या आधी दफेदार गेले. तांड्यावरच्या कुणीतरी लिहिलेलं कार्ड मला शाळेत मिळालं, तेव्हा तेरावाही उलटून गेला होता. कार्ड वाचून मी टेबलाच्या खणात ठेवलं, वर्गावर गेले आणि हजेरी घेतली. मधल्या सुट्टीत गुणवंताच्या दुकानाकडे गेले. तो उकिडवा बसून एका चाकाच्या तारा कसत होता. मला पाहून हसला आणि म्हणाला, "बाई, यंदा दिवाळीत आखीन जाऊ दफेदारांकडं. मी आतापासूनच पैसे टाकून राह्यलो बाजूले."

मी हो म्हटलं आणि परत फिरले. त्याला सांगायला मला चार दिवस लागले.