आंब्याच्या ढोलीतला धूर

ज्या देशातलं गवत जळताना मी रोज बघतो, तिथे मी कधी गेलेलो नाही. ते एक बेट आहे, लाल मातीच्या टेकड्यांचं. तिथे कमरेएवढं गवत वाढतं आणि वाळलं की गुराखी ते पेटवून देतात, कोवळा फुटवा यावा म्हणून. हे सगळं मला मोताळ्यात, माझ्या माडीवर, पंख्याखाली बसून दिसतं. पुण्याची एक कंपनी उपग्रहाची चित्रं पाठवते. मी त्यातल्या काळ्या डागांभोवती माउसने रेघ ओढतो. त्या डागांवरून पुढे कोणीतरी हिशोब काढतं, की या आगींमधून त्या देशाने हवा तापवणारा किती वायू सोडला.

या कामाने मला तुच्छतेची चटक लागली. नवा डाग दिसला की मी तोंडातल्या तोंडात म्हणायचो, "पेटवा गाढवांनो, पेटवा." जेवताना बायकोला सांगायचो, त्या लोकांना काडीची अक्कल नाही. ती एकदा म्हणाली, "तुम्ही भेटले काय त्याइले?" मी तिच्याकडेही त्याच नजरेने पाहिलं.

हिशोबातली एक सवलत मी ज्याला त्याला ऐकवायचो. गवताच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यात धरतच नाहीत. पुढच्या पावसात गवत पुन्हा उगवतं आणि तेवढा वायू परत ओढून घेतं, म्हणून तो माफ. मोजायचे ते मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. हे सांगताना मी असा चेहरा करायचो, जणू ती माफी माझ्याच सहीने निघते.

या उन्हाळ्यात कंपनीच्या साहेबांचा फोन आला. त्यांच्याकडची नवी मुलं ढगांच्या सावल्यांनाच जळलेलं गवत समजत होती. "खरं गवत जळताना कसं दिसतं, मागे काय उरतं, याचा एक छान व्हिडिओ हवा. तुमच्या खेड्यात गवत असेलच ना?" त्यांच्या 'खेड्यात' म्हणण्यात जे होतं ते मला बरोबर कळलं, कारण मी 'बेटावरचे' म्हणतो तेव्हा तेच असतं. तरी मी खूश झालो.

धामणगाव बढ्याच्या रस्त्याला आमचं वावर आहे. पलीकडचं वावर माझ्या थोरल्या चुलतीचं. तिला आम्ही सगळे मोठी माय म्हणतो. दोन्हींच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक म्हातारा गावरानी आंबा आहे. तिच्या बाजूला दुसरं झाड नाही. मोठे बाबा गेल्यापासून ती एकटीच वावर बघते आणि दुपारभर त्या आंब्याखाली पोतं टाकून बसते. नाशिकचा मुलगा दरवर्षी तिला न्यायला येतो. दरवर्षी ती त्याला एकच उत्तर देते, "आंबा हाये तवरिक मी हितं. सावली गेली की येईन तुह्या फ्लॅटात, बसीन खिडकीत." सगळ्या भावकीला हा शब्द माहीत आहे. मलाही होता.

धुऱ्यावरचं वाळलं गवत आमच्याकडेही पेटवतात. बेटावरच्या लोकांना शिव्या देताना हे मला कधी आठवत नसे, एवढंच. पण त्याची एक रीत आहे. धुऱ्यावर झाड असेल तर बुंध्याभोवतालचं गवत खरवडून काढायचं आणि खोडात पोकळी असेल तर ती ओल्या मातीने लिपून टाकायची. म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत आग शिरली की बाहेरून काही दिसत नाही, ती आतल्या आत झाड खात बसते. पेटवताना पलीकडचा माणूस ओरडून विचारतो, "ढोली लिपली काय?" आपण "लिपली" म्हटलं की तो आपल्या कामाला लागतो. बघायला येत नाही. तसं येणं म्हणजे समोरच्याला खोटारडा म्हणणं.

मी बुंध्याभोवतालचं गवत काढलं. ढोली लिपायच्या मातीसाठी विहिरीवरून पाणी आणावं लागलं असतं. वारा चांगला होता, ऊन चित्रासाठी हवं तसं तिरपं होतं आणि मोबाइल हातात होता. मी पेटवलं आणि चालत चालत व्हिडिओ काढू लागलो. पलीकडच्या वावरातून मोठ्या मायची हाक आली.

"ढोली लिपली काय बे?"

"हाव, हाव, लिपली!"

गवत सुंदर जळलं. हा शब्द मला तेव्हाच सुचला होता, म्हणून लिहितो.

दुसऱ्या दिवशी आंब्याच्या ढोलीतून बारीक धूर निघत होता. मी बादल्या ओतल्या. धूर थांबायचा, परत सुरू व्हायचा. मोठी माय पोत्यावर बसून माझ्या बादल्या बघत होती. "ओत, ओत," ती म्हणाली. "पोटात गेलेली आग वरून पाणी टाकल्यानं इझते काय? तुले इंजिनीयर कोणं केलं बे?" मी इंजिनीयर नाही. तिलाही ते माहीत आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या बसायच्या जागेवरची मोठी फांदी कडकडून खाली आली. उरलेल्या झाडाची पानं तांबडी पडली.

नाशिकचा मुलगा गाडी घेऊन आला. "कशी काय लागली आग?" त्याने मला विचारलं.

"उन्हाळ्यात लागतातच," मी म्हणालो.

"लागतातच?" मोठी माय म्हणाली. "यानं लावली. ढोली लिपली म्हणून खोटं बोलला."

तो हसला. "आई, दादा आगी मोजायचं काम करतो. तो कशाला आग लावील? तूच पेटवलं असशील आणि विसरली असशील." मग मला बाजूला घेऊन तो हळू आवाजात म्हणाला, "बघ ना दादा. आता तिला काय बोलतो तेही कळत नाही. न्यायलाच पाहिजे." आणि मी, ज्याच्या खिशात त्या हाकेचा पुरावा होता, समजूतदारपणे मान हलवली. बेटावरच्या गुराख्यांना मी एवढ्या शिव्या दिल्या, पण पेटवलं ते पेटवलं, दुसऱ्याच्या म्हातारपणावर ढकललं असं त्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नाही.

सकाळी तिची पेटी गाडीत चढली. लुगडी, डबे, मोठ्या बाबांचा फोटो. ती ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. लिलावात उभ्या केलेल्या रोगट बैलाकडे बघतात तसं.

मी मोबाइल काढला आणि चुलतभावासमोर धरला. ज्वाळा, धूर, माझे बूट. मग लांबून तिचा आवाज, खणखणीत. मग माझा, "हाव, हाव, लिपली!"

त्याने ते पुन्हा लावलं. मग म्हणाला, "दादा, काल का नाही बोललास?" मी जे उत्तर दिलं असतं तेही खोटंच असतं.

"आइकलं?" मोठी माय उठली. "मी येडी झाली नाई. हा बैताड हाये. पेटी उतरव."

"पण आई, तुझा शब्द होता ना. सावली गेली की येईन."

"सावली गेली नाई, यानं आग लावून जायली. जायली त्यानंच द्यावी." तिने माझ्याकडे बोट केलं. "तुराट्याचा मांडव टाक. आन् ते सावलीची हिरवी नेट आणशीन तर तुह्या डोक्यावर बांधीन."

भाऊ एकटा परत गेला. गाडी माझ्याजवळ आली तशी त्याने काच वर केली. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

कंपनीला व्हिडिओ फार आवडला. हाकेचा आवाज काढून त्यांनी मागे बासरी टाकली आहे. नवी मुलं तो बघून शिकतात. त्यात आंब्याचं खोड क्षणभर दिसतं. उपग्रहाच्या चित्रात आमचा धुरा शोधून पाहिला, तिथे काळा ठिपकासुद्धा नाही. धुऱ्यावर गवत पुन्हा येईल आणि आपला धूर परत घेईल. आंबा त्या हिशोबात कुठेच नाही.

बेटावरच्या डागांभोवती मी अजून रेघ ओढतो. शिवी ओठावर येते, आणि अजूनही कधीकधी तोंडातून निघून जाते. वावरात गेलो की मोठी माय रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं विचारते, "ढोली लिपली काय बे?" आणि लोक हसतात. तुरीच्या वाळक्या काड्यांचा मांडव मी बांधला, पण पूर्वेची बाजू विरळ राहिली. तिथून पोत्यावर ऊन येतं म्हणते. उद्या तुराट्यांचे आणखी दोन भारे घेऊन जायचं आहे.