लटारूभाऊंची तपासणी

लटारू गुरनुले यांना मोठ्या स्क्रीनचा मोबाइल मी विकला. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही थोडा वाटा आहे, असं माझी बायको म्हणते. गोंडपिपरीत माझं मोबाइल-रिचार्जचं दुकान आहे आणि लटारूभाऊंचं घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत.

बत्तीस वर्षं ते लाइनमन होते. नोकरीच्या सुरुवातीला त्यांचा एक सोबती खांबावर चढला होता. लाइन बंद आहे असा निरोप होता. लाइन चालू निघाली. लटारूभाऊ खाली शिडी धरून उभे होते. "तो 'बंद हाये' म्हणणारा अजून पेन्शन खाऊन राह्यला," असं ते अजूनही सांगतात. तेव्हापासून दुसऱ्याच्या सांगण्यावर त्यांनी कशालाच हात लावला नाही. नोकरी होती तोवर हा संशय तारांपुरता होता. रिटायर झाले, हातात मोबाइल आला, आणि संशय ताटात उतरला.

सकाळी चहा घेऊन ते ओट्यावर बसत आणि मोबाइलच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारत, "लाखोळीची डाळ खाल्ल्यानं पाय जाते का?" मग एकामागून एक व्हिडिओ. हळद ग्लासभर पाण्यात टाकून बघायची. दुधाचा थेंब फरशीवर सोडून त्याचा ओघळ बघायचा. टरबूज कापलं की आधी कापसानं पुसायचं, रंग लागतो का ते बघायला. अंड्यातला पिवळा भाग एका व्हिडिओत विष असे, दुसऱ्यात औषध. लटारूभाऊ दोन्ही बघत आणि विष म्हणणाऱ्याचं ऐकत. जो घाबरवत नाही त्याचा काहीतरी मतलब आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

बायको शकुबाई आधी हसायची. मग ती डबे लपवायला लागली.

घरात मुलगा धनराज, सून मोनाली आणि नववीतली नात दिव्यानी. धनराज बल्लारपूरला कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. दिव्यानी फिकट पोरगी. शाळेचा जिना चढली की दम लागायचा. लहानपणापासून मधूनमधून हातपाय दुखायचे. घरच्यांनी त्याला वात म्हणून सोडून दिलं होतं. लटारूभाऊंचा सगळा जीव या नातीत. तिच्या अंगात रक्त कमी आहे, हे त्यांना दिसत होतं. ते कोण खातंय, एवढंच शोधायचं होतं.

त्यांना उत्तर कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, तांदळात सापडलं. एका सकाळी शकुबाईनं तांदूळ धुवायला घेतले, तर काही दाणे पाण्यावर तरंगले. इतरांपेक्षा थोडे पिवळट, सगळे एका मापाचे. लटारूभाऊंनी ते चिमटीनं वेचले, वाटीत घातले आणि वाटी घेऊन थेट कंट्रोलच्या दुकानात गेले.

"हे का होय?"

दुकानदार म्हणाला, "भाऊ, त्याच्यात लोह मिसळलं असते. सरकारचंच हाये. रक्त वाढाले देते."

"सरकारले माह्या रक्ताची काऊन काळजी?"

दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाचा तांदूळ मोजायला लागला. घरी येऊन लटारूभाऊंनी दाणे तव्यावर जाळले, वास घेतला, आणि हे प्लास्टिक आहे असं जाहीर केलं. मोबाइलवर त्यांना अशी चाळीस माणसं भेटली जी हेच म्हणत होती. त्या दिवसापासून कंट्रोलचा तांदूळ घरात शिजला नाही.

त्याच पावसाळ्यात आशाताई रंजीता घरी आली. शाळेत सिकलसेलची तपासणी होती. बोटाला टोचून रक्ताचे थेंब घ्यायचे, एवढंच. दिव्यानीच्या कागदावर पालकाची सही हवी होती. मोनाली सही करायला पुढे आली. लटारूभाऊंनी कागद मधेच घेतला.

"हे रक्त कुठी जाते?"

"तपासाले जाते, भाऊ. दवाखान्यात."

"अन् मंग?"

"मंग का? फेकून देते."

"तू पाह्यलं फेकताना?"

रंजीता हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, पोरगी फिक्की हाये. करून घ्या ना."

"हा रोग आमच्यात नसते," लटारूभाऊ म्हणाले आणि कागद कोराच परत दिला. मोनाली दारात उभी होती. सासऱ्यांसमोर ती फारसं बोलत नसे. त्या दिवशीही बोलली नाही. याचं तिला पुढे फार वाईट वाटलं, असं ती माझ्या बायकोला म्हणाली होती.

मग लटारूभाऊंनी उपचार हातात घेतला. बीटाचा रस, शेवग्याच्या पाल्याची भुकटी, लोखंडी कढईतली भाजी, वर मोबाइलवरून मागवलेलं लोहाचं टॉनिक. जेवताना पाणी प्यायचं नाही आणि जेवणानंतर दीड तास घोटही नाही, कारण पाण्यानं म्हणे पोटातली आग विझते. हिवाळा लागल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. पहाटे गार पाण्यानं आंघोळ केली की रक्त अंगभर धावतं. दिव्यानी रडायची, पण आजोबांचं, तिच्या आबाजींचं, ऐकायची. आबाजी स्वतःही तिच्या आधी तसंच गार पाणी अंगावर घ्यायचे, म्हणून तिला नाही म्हणता येत नसे.

डिसेंबरात, आंघोळ करून आल्यावर, ती चुलीजवळ बसली ती उठलीच नाही. पाय, पाठ, छाती. ती असं ओरडली की मी दुकान उघडं टाकून धावलो. माझ्या शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही तिला आधी इथल्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून चंद्रपूरला. वाटेत लटारूभाऊ एकच गोष्ट म्हणत होते, "दुधात काईतरी होतं. काल दूध बदललं होतं."

दुधात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी धनराज, मोनाली आणि लटारूभाऊ यांना खुर्च्या दिल्या आणि मुलीला सिकलसेल आहे म्हणून सांगितलं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, म्हणून ती कळ. मग त्यांनी तिच्या सवयी विचारल्या. पाणी किती पिते, ते विचारलं. थंडीत आंघोळ कशानं करते, तेही.

मोनालीनं सासऱ्यांकडे पाहिलं. शेवटी लटारूभाऊच म्हणाले, "गार पाण्यानं. म्या सांगतलं होतं."

डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं. "त्यानंच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण या आजारात थंडी आणि कमी पाणी, दोन्ही वाईट. आणि ते टॉनिक बंद करा. हिला लोह कमी नाहीये."

डॉक्टरबाईंच्या खोलीतून बाहेर पडताना लटारूभाऊ कोलमडायला हवे होते. ते ताठ झाले. मोनालीचं माहेर आलापल्लीचं. तिचे वडील मंगरूजी नातीला बघायला आले होते आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. त्यांच्या समोरच लटारूभाऊ सुनेला म्हणाले, "हे तुह्या माहेरून आलं. आमच्या सात पिढ्यात नाई."

मंगरूजी उठले. हातातली केळ्यांची पिशवी बाकावर ठेवली आणि बसस्टँडकडे निघून गेले. त्यानंतर बरेच दिवस ते मुलीच्या घरी आले नाहीत.

डॉक्टरांनी आईवडिलांचंही रक्त तपासलं. दोघंही वाहक निघाले. वाहकाला स्वतःला त्रास नसतो, पण दोन्हीकडून दोष आला की लेकराला आजार होतो. म्हणजे धनराजकडूनही आला होता. हे कळल्यावर लटारूभाऊंचा संशय शकुबाईकडे वळला. तिचं माहेर मूल गावाकडचं. तिची एक मावशी लहानपणी अंग दुखून दुखून गेली होती, हे त्यांनी चाळीस वर्षांनी उकरून काढलं. शकुबाई सरळ रंजीताबरोबर गेली, रक्त देऊन आली आणि कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. तिच्यात काही नव्हतं.

"आता तुमचं रक्त तपासा," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

पेन्शनच्या कामाला जातो सांगून ते चंद्रपूरला गेले. तिथल्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. अहवाल आला तेव्हा दुसऱ्या लॅबमध्ये दिलं. मग तिसरीकडे. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा त्यांनी तिन्ही कागद माझ्या काउंटरवर ओळीनं मांडले.

"भाऊ, ते मशीन चुकू शकते का? पाह्य बरं तुह्या मोबाइलवर. माह्यात चार्जिंग नाई."

त्यांच्या मोबाइलला चार्जिंग होतं, वरच्या खिशात उजेड दिसत होता. मी शोधलं, वाचून दाखवलं. तीन वेगळ्या ठिकाणी एकच चूक होणं जवळपास अशक्य. त्यांनी मला परत वाचायला लावलं. मग त्यांनी कागदांच्या घड्या केल्या.

"म्हंजे माह्यातूनच गेलं," ते म्हणाले. "एवढं दूध तपासलं, तांदूळ तपासला."

मी चहा मागवला. त्यांनी तो न बघता, न हुंगता प्यायला.

घरी मोनाली अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मी मागोमाग गेलो होतो, कारण त्यांची चाल मला बरी वाटली नव्हती. ते तिच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, तुह्या माहेरचं म्हणलो होतो मी. माह्यातबी हाये. हे पाह्य कागद."

मोनालीनं कागदांना हात लावला नाही. सूप खाली ठेवलं.

"मामाजी, मले माहीत होतं दोनीकडून येते. डॉक्टरबाईनं सांगतलं होतं, तुमीबी ऐकलं होतं. माह्यातबी हाये, म्या कुठी नाई म्हणलं? पण तुमी माह्या बापाले व्हरांड्यात सगळ्याइसमोर बोलले. त्याईनं तिथी पाणीबी नाई घेतलं. हे मले नका सांगू. आलापल्लीले जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते आलापल्लीला गेले. तिथलं मला त्यांनीच सांगितलं. मंगरूजी सागवानाच्या डेपोत मोजणीदार होते, रिटायर झालेले. त्यांनी व्याह्यांना खाट टाकून दिली, पण स्वतः उभेच राहिले. लटारूभाऊंनी झालं ते सगळं सांगितलं, गार पाण्यासकट. मंगरूजींनी ऐकून घेतलं आणि हात पुढे केला.

"कागद आणले का, इवाई? दाखवा."

त्यांनी चष्मा लावून तिन्ही कागद पुन्हा पुन्हा वाचले, तारखा पडताळल्या, एका कागदावर नाव 'लटारु' असं ऱ्हस्व लिहिलंय तेही दाखवलं. मग आत वळून म्हणाले, "जेवाले वाढा." त्या महिन्यात ते नातीला भेटायला आले.

लटारूभाऊ सुधारले, असं मात्र कोणी समजू नये. कंट्रोलच्या तांदळाचा एक जुना रिकामा कट्टा, म्हणजे पोतं, त्यांनी कुठून तरी मिळवला. त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं की सिकलसेलच्या माणसांनी हा तांदूळ खाऊ नये. नव्या कट्ट्यावर ती ओळ नव्हती. दोन्ही कट्टे घेऊन ते चंद्रपूरला डॉक्टरबाईंकडे गेले. बाई म्हणाल्या की त्यातलं लोह फार थोडं असतं, त्यानं नुकसान होतं असा पुरावा सापडला नाही, म्हणून ती ओळ काढली.

"काढणाऱ्यानं तपासलं होतं का?" लटारूभाऊंनी विचारलं.

"तपासलं होतं."

"तुमी वाचलं?"

बाई हसल्या नाहीत. वाचलं म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी छापून ठेवते म्हणाल्या. त्यांनी खरंच छापून ठेवलं. लटारूभाऊंनी माझ्याकडून ते इंग्रजी तीन दिवस समजावून घेतलं. माझं डोकं दुखलं. चौथ्या दिवशी त्यांच्या घरी तो तांदूळ शिजला.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्या भावाचा, नानाजीचा, मुलगा सुनिल याच्यासाठी पोंभुर्ण्याकडची पोरगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, बोलणी जमत आली. तेवढ्यात लटारूभाऊ म्हणाले, "पोरीचं रक्त तपासलं का? सिकलसेलचं?"

बैठक एकदम थंड पडली. पोरीचा मामा उठून उभा राहिला. नानाजीनं भावाचा दंड धरला, "भाऊ, आता चूप राह्य." आपल्या पोरीत खोट काढायला आलेत, हे पोरीकडच्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

आतून पोरगीच बाहेर आली. हातात फाइल होती. "माही कॉलेजात झाली तपासणी," ती म्हणाली. "हा कागद. मुलाचा कुठी हाये?"

सुनिलनं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी लटारूभाऊंकडे. कागद नव्हता. घराण्यात आजार आहे हे माहीत असून एवढ्या महिन्यांत कोणाला सुनिलचं रक्त तपासावंसं वाटलं नव्हतं, लटारूभाऊंनासुद्धा नाही. ते मान खाली घालून म्हणाले, "आठ दिवसात आणतो, बाई."

सुनिल वाहक निघाला. पोरीत काही नव्हतं. डॉक्टरबाईंनी दोन्ही घरच्यांना बसवून सांगितलं की यांच्या लेकरांना आजार होणार नाही, झाले तर वाहक होतील. पोरीच्या मामानं तरी महिनाभर घोळ घातला. मग लग्न झालं.

दिव्यानी आता दहावीत आहे. गोळी रोज घेते, पाण्याची बाटली घेऊन शाळेत जाते, गरम पाण्यानं आंघोळ करते. कळ अजून येते, वर्षातून एकदोनदा, पण तेव्हा काय करायचं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. लटारूभाऊ दर महिन्याला तिच्याबरोबर दवाखान्यात जातात. गोळीच्या डब्यातला घडीचा कागद त्यांनी अख्खा वाचून काढलाय आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर त्यांना शंका आहे.

परवा मीही सोबत होतो. डॉक्टरबाईंनी त्यांना दारात बघितलं आणि विचारलं, "आज किती प्रश्न आहेत, भाऊ?"

"अकरा."

"मग बसा," बाई म्हणाल्या आणि नर्सला पुढचा पेशंट थोडा थांबवायला सांगितलं.