आपोआप लागणारं कुलूप

जुन्या गाडीला अलार्म आणि रिमोट लॉक बसवून झालं की मेश्राम स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसत. चारही काचा वर करत, रिमोट मालकाच्या हातात देत आणि सांगत, "कुलूप लावा अन् पाच मिनिटं तिकडे जाऊन उभे राहा." प्रताप नगरमधल्या त्यांच्या पत्र्याच्या दुकानासमोर सावली नव्हती. उन्हाळ्यात त्यांचा शर्ट पाठीला चिकटत जाताना बाहेरून दिसे. पाच मिनिटांनी ते एका दारातून बाहेर पडत, पुन्हा आत बसत, दुसऱ्या दारातून बाहेर येत. सायरन बोंबलत राही. चारही दारं आतून उघडली, तरच गाडी मालकाला मिळे.

"बाहेरचा आत येऊ नये, हे तुमचं काम," ते म्हणत. "आतला बाहेर आला पायजे, हे माझं."

पन्नाशी उलटलेले, अंगाने किरकोळ, बोलणं हळू. गिऱ्हाइकाची चेष्टा करतानाही चेहरा हलत नसे. सर्वांत मोठा सायरन मागणाऱ्या एका प्राध्यापकांना त्यांनी विचारलं होतं, "गाडी चोरीले जाऊन राहिली का वरात काढून राहिले?" प्राध्यापकांनी लहान सायरन घेतला.

माझी गाडी बारा वर्षांची होती. सिग्नलला उभा असताना कोणीतरी मागचं दार उघडून बॅग नेली, म्हणून मी मेश्राम यांच्याकडे गेलो. नेहमीप्रमाणे ते आत बसले. मागच्या दोन्ही दारांतून त्यांना बाहेर येता आलं नाही. पुढच्या सीटवर सरकून ते ड्रायव्हरच्या दारातून उतरले.

"मागं चाइल्ड लॉक लावून आहे. कोणासाठी?"

आईसाठी, असं मी सांगितलं. तिची स्मृती जात चालली होती. हुडकेश्वर रोडवर चालत्या गाडीचं दार तिने 'घर आलं' म्हणून उघडलं होतं. पुढे बसवलं की ती हँडब्रेक ओढत असे.

मेश्राम यांनी मान डोलावली. चाइल्ड लॉक त्यांनी राहू दिलं, पण नव्या यंत्रातली एक तार जोडली नाही. इंजिन चालू असताना सगळी दारं मिटली की काही सेकंदांत कुलूप आपोआप पडतं, ती सोय त्या तारेवर होती. मला नेमकी तीच हवी होती. बॅग सिग्नलवर गेली होती.

"जमत नाई," ते म्हणाले. "मशीनले चोर अन् माय सारखेच. आई गाडीत बसून राहिली तोवर मी ते जोडत नाई."

महिन्याभराने मी पुन्हा गेलो. आई आता अमरावतीला भावाकडे असते, असं त्यांना सांगितलं. ते खोटं होतं. आई घरीच होती आणि दर पंधरा दिवसांनी मी तिला त्याच गाडीतून डॉक्टरांकडे नेत होतो. मेश्राम यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग डॅशबोर्डखाली वाकून त्यांनी तार जोडली.

मे महिन्यातल्या एका दुपारी रामदासपेठेत डॉक्टरांना दाखवून झालं. औषधं घ्यायची राहिली होती. एरवी मी इंजिन बंद करून, आईला सोबत घेऊन दुकानात जात असे. त्या दिवशी ती उतरेना. ऊन सहन होणार नाही, म्हणून मी इंजिन आणि एसी चालू ठेवला, दार लावलं आणि पलीकडच्या मेडिकलमध्ये गेलो. रांग होती. दहा-बारा मिनिटं गेली.

परत आलो तेव्हा इंजिन बंद पडलेलं होतं. जुनी गाडी उभ्या-उभ्या तापली होती. चारही दारं कुलूपबंद, किल्ली आणि रिमोट आत. दुसरी किल्ली घरी, अर्ध्या तासावर. आई मागच्या सीटवर बसली होती. तिने पदर तोंडावर ओढला होता. पुढच्या दारावरची कुलपाची खुंटी वर कर, असं मी खुणेने सांगत होतो. ती माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तशी पाहत होती.

मेश्राम यांना फोन लावला. या आणि तार घालून दार उघडून द्या, असं म्हणालो.

"आत कोण आहे?"

"आई."

"अमरावतीवाली?"

"हो."

"काच फोडा. पुढची, डावीकडची. माझी वाट पाहू नका."

मेडिकलवाल्याकडची शटर ओढायची लोखंडी सळई आणली. तिसऱ्या फटक्याला काच गेली आणि सायरन सुरू झाला. रस्त्यावरच्या दोघांनी मागून माझे हात धरले. गाडी माझी आहे, आई आत आहे, असं सांगितल्यावर एक जण हसला. "अबे, माय घेऊन चोरी कराले आला का?" मग त्याने आत वाकून पाहिलं आणि हात सोडले.

आईला बाहेर काढलं तेव्हा अंग भाजत होतं, घाम आटला होता. "काहून कोंडलं गा मले?" एवढं ती बोलली. नंतर दोन दिवस रुग्णालयात काही बोलली नाही. ती वाचली. गाडीत पुन्हा बसली नाही, आणि माझ्या हातून जेवणंही तिने सोडलं.

आठवड्याने मी गाडी घेऊन मेश्राम यांच्याकडे गेलो. माफी मागायची होती. त्यांनी ती मागू दिली नाही. न विचारता डॅशबोर्ड उघडला, सायरन, अलार्मचा डबा, चारही दारांतल्या कुलपाच्या मोटरी काढल्या आणि सगळं एका पिशवीत घालून माझ्यासमोर ठेवलं.

"हे काम बंद केलं मी," ते म्हणाले. "आता फक्त लाइट अन् हॉर्न."

"चूक माझी होती. मी खोटं बोललो."

"तुम्ही बोलले. पण तार मी जोडली." ते हात पुसत होते. "अशी ही दुसरी गाडी."

पहिलीत कोण होतं, असं मी विचारलं.

"पोरगी होती. चार वर्षांची. बापानं मलेच फोन लावला होता." त्यांनी फडकं घडी करून स्टुलावर ठेवलं. "मी जेवून राहिलो होतो. म्हटलं, हात धुतो अन् मग उचलतो."