रानडुकराला पाणी
घरात वांगं भाजायला ठेवलं की त्या वासाबरोबर मला देवळीकडचं एक भाजीचं वावर आठवतं. तेव्हा मी रानावनाबद्दल नुकताच लिहू लागलो होतो आणि कुठे जनावर अडकल्याचा निरोप आला की धावत जायचो. त्या दुपारी वांग्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाडीच्या क्लच वायरच्या फासात एक रानडुक्कर अडकलं होतं. तार मागच्या पायात हाडापर्यंत रुतली होती, ओढून ओढून त्याने भोवतालची माती उकरून टाकली होती, आणि त्याचं ओरडणं पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. वावराची मालकीण, साठीची बाई, घमेल्यात पाणी घेऊन आली आणि काठीने ते घमेलं तिने त्याच्या तोंडाशी सरकवलं. मला भरून आलं. "बरं केलंत काकू," मी म्हणालो. ती म्हणाली, "पाणी नाई देल्लं तं मरन ना ते, भाऊ. मंग ओरडन कोन? त्याच्या ओरडण्यानं बाकीचे डुकरं वावरात येऊन नाई राह्यले." संध्याकाळी वनखात्याची माणसं आली. सोबतच्या डॉक्टरांनी पाय पाहून मान हलवली आणि कायमचं झोपवणारी सुई टोचली. वावर एकदम शांत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईनेच मला बोलावून घेतलं. रात्री डुकरांच्या कळपाने वांग्याचं एकही झाड उभं ठेवलं नव्हतं, आणि त्या उलथ्यापालथ्या मातीत ती बसली होती. "त्याच्यासाठी धावत आलते ना," ती म्हणाली, "आता मले बी सुई देऊन द्या." मी आजही प्राण्यांच्या बाजूनेच लिहितो, पण तिला वाचून दाखवता येईल असं एकही वाक्य मला अजून लिहिता आलेलं नाही.