दिल्लीत राहिलेलं लुगडं

विमानात बसले त्या दिवशी मी सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. हे आधीच सांगते, कारण माझ्या माहेरच्या, उमापूरच्या बायका मला पहिलं हेच विचारतात की विमानात खायला काय देतात. काही देत नाहीत. विकतात.

माझी धाकटी बहीण शेवंता चकलांब्यात वारली. सकाळी सहाला तिच्या मुलाचा, अर्जुनचा, फोन आला. मी दोन वर्षांपासून दिल्लीला मुलाकडे राहते. तो तिथं कारखान्यात नोकरीला आहे. अर्जुन म्हणाला, "मावशी, आई गेली. तुमी आल्याबिगर उचलत न्हाई. पण दिवस मावळायच्या आत या."

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. माहेरचं माणूस ते घेऊन येईपर्यंत तिला उचलत नाहीत. आम्हाला भाऊ नाही. आईबाप कधीच गेले. म्हणजे शेवंताचं माहेर आता मी एकटी.

रेल्वेनं दुसरा दिवस उजाडला असता. मुलानं संगणकावर बघून स्वस्तातल्या विमानाचं तिकीट काढलं. ते थेट औरंगाबादला जाणारं होतं. नऊवार लुगडं दिल्लीत कुठं मिळणार? माझ्या पेटीत एक निळं इरकल होतं, घडी न मोडलेलं. ते, नारळ, हळदकुंकवाची पुडी आणि माझं एक जुनेर एवढं गाठोड्यात बांधलं आणि निघाले.

विमानतळ म्हणजे मोठं खासगी हॉस्पिटल असावं तसा. तसाच चकचकीत, तसेच सगळे कागद हातात धरून घाबरलेले. बाहेर धुकं होतं. मुलाला दारातूनच परत पाठवलं. आत एका खोक्यात बायकांची झडती घेतात. तिथल्या पोलीस बाईनं माझी चंची (पानसुपारीची कापडी पिशवी) उघडली आणि अडकित्ता बाहेर काढला. हे धारदार आहे, विमानात चालणार नाही, म्हणाली. मी म्हटलं, यानं मी कुणाला मारणार आहे? ती हसली, पण अडकित्ता एका डब्याकडे नेऊ लागली. डब्यात कात्र्या, चाकू, नेलकटर पडले होते.

तो अडकित्ता आईचा. पितळी मुठीचा, मुठीवर मोर. आई गेली तेव्हा शेवंतानं तो मागितला होता. मी दिला नाही. पुढे तीन-चारदा मागितला, तेव्हाही नाही. तो मी डब्यात कसा टाकू देईन?

बाई म्हणाली, मग परत जाऊन सामानात द्या, खाली विमानाच्या पोटात जाईल. मी उलट पावली गेले. तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीनं वेळ संपत आल्याचं सांगितलं, तरी माझं वय बघून घेतलं. नुसता अडकित्ता पाठवता येईना, म्हणून तो गाठोड्यात खुपसला आणि गाठोडं तिच्या हवाली केलं. तिनं त्याला कागदी पट्टी चिकटवली. गाठोडं रबरी पट्ट्यावरून पडद्याआड गेलं. चंची तेवढी हातात राहिली.

विमान आतून एसटीसारखंच असतं, फक्त कुणी उभं राहत नाही. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात. माझ्या शेजारी जालन्याचा एक बियाण्याचा व्यापारी होता. त्यानं मला पट्टा लावून दिला. ढाब्यावर बसल्यासारखा तो बोलत होता. औरंगाबादला नवा विमानतळ बांधायला काढलाय, काचेचा, आता मोठमोठी विमानं उतरणार, जमिनीला सोन्याचा भाव येणार. मी हूं हूं करत होते. एक मुलगी गाडा ढकलत आली. ब्रेड, बिस्किटं, पाणीसुद्धा विकत. त्यानं माझ्यासाठी पाणी घेतलं. मी नको म्हटलं.

"आजी, उपास हाय का?"

"बहिणीची माती (अंत्यविधी) व्हायची आहे. ती होईस्तोवर घेत नाही."

त्यानं बाटली पिशवीत ठेवली. नंतर तोही प्यायला नाही आणि जमिनीच्या भावाबद्दलही बोलला नाही.

खाली ढग होते. लोक सांगतात तसं काही सुंदर वाटलं नाही. पिंजलेला कापूस खाली सांडून कुणी तसाच टाकून गेलं असावं, एवढंच. मग ढग सरले आणि आपल्याकडची काळी रानं दिसली, उजाड डोंगर दिसले. दोन तासांत मी दिल्लीहून औरंगाबादला आले होते. लग्न झालं तेव्हा उमापूरहून गेवराईला बैलगाडीनं यायला याहून जास्त वेळ लागला होता.

उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. जुनी इमारत बसस्टँडाएवढीच, आणि तिच्या बाजूला काचेची नवी, अर्धवट, बांबूंची परांची बांधलेली. गवंडी वर चढलेले दिसत होते. आत सामानाचा पट्टा फिरत होता. पेट्या आल्या, लोकांनी उचलल्या. व्यापारी नमस्कार करून गेला. पट्टा रिकामा फिरला आणि थांबला. माझं गाठोडं आलं नाही.

खिडकीवरच्या मुलीनं फोन केले. गाठोडं उशिरा दिल्यामुळे दिल्लीतच राहिलं, उद्याच्या विमानानं येईल, असं तिनं सांगितलं.

"उद्या आणून मी ते कुणाला नेसवू?" मी म्हटलं.

तिला काही कळलं नाही. तिनं फॉर्म पुढे केला. मी चौथी शिकलेली. फॉर्म इंग्रजीत. तिनं विचारायचं, मी सांगायचं. रंग कोणता, आकार केवढा, आत काय काय आहे. नारळ लिहिताना ती थांबली. मग पुन्हा दिल्लीला फोन. मला वाटत होतं, कुठंतरी मागे पडलं असेल, सापडेल. मी हटले नाही. तासाहून जास्त गेला.

अर्जुननं बाहेर जीप पाठवली होती. चालवणारा रफिक, चकलांब्याचाच, शेवंताच्या हातचं खाऊन वाढलेला. तो दोनदा दारापर्यंत आला होता. शिपायानं आत सोडलं नाही. मी बाहेर आले तेव्हा त्यानं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"मौशी, समदे थांबायलेत. दिवस ढळायलाय."

पाचोड गेलं. पौषातलं ऊन लवकर पिवळं पडतं. शहागडच्या पुलावर आलो आणि रफिकचा मोबाइल वाजला. त्यानं जीप कडेला घेतली आणि फोन माझ्याकडे दिला.

अर्जुन म्हणाला, "मावशी, माणसं म्हणायलीत रात्रभर ठेवता यायचं न्हाई. उचलू का?"

मी विचारलं, "अंगावर काय घातलंस?"

"कौसामावशीनं तिचं लुगडं दिलं."

कौसाबाई म्हणजे शेवंताची रानातल्या कामातली जोडीदारीण. दोघी तीस वर्षं एकत्र खुरपायला गेल्या. ती बौद्ध वस्तीतली, पण लेक आमच्याच उमापूरची. भावकीतल्या दोघांनी नाकं मुरडली, हे मला नंतर कळलं. अर्जुननं त्यांना सांगितलं, "उमापूरचीच हाय ना? मग माहेरचंच झालं."

मी म्हटलं, उचल. खाली गोदावरीत पाणी थोडंच होतं. त्या वाया घालवलेल्या तासात औरंगाबादेत दहा लुगडी घेता आली असती. मला सुचलं नाही. मला माझं गाठोडंच हवं होतं.

चकलांब्यात पोचले तेव्हा अंधार पडला होता. पुरुष अंघोळी करून दारात बसले होते. भावकीनं कडू घास (मातीनंतर दुसऱ्यांनी आणून द्यायचं जेवण) आणला होता, पिठलं आणि ज्वारीची भाकरी. मी खाल्लं. भूक लागली होती, खोटं कशाला बोलू. कौसाबाई कोपऱ्यात बसली होती. मला पाहून म्हणाली, "आक्का, शेवंती दुपारधरनं तुमची वाट बघायली होती असं वाटायलं होतं. डोळा अर्धा उघडाच राहिलता."

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं आली आणि मागोमाग विमानकंपनीची गाडी. चालकानं गाठोडं दिलं, अंगठा नको, सही करा म्हणाला. नारळ फुटला होता. लुगड्याच्या काठाला पाणी लागलं होतं. अडकित्ता चांगला होता.

कुणी म्हणालं, लुगडं गोदावरीत सोडा. मी म्हटलं, मासे नेसत नाहीत. ते कौसाबाईला दिलं. तिनं काठावरचा डाग बोटानं चोळला. "माझं जुनं गेलं, ह्ये नवं आलं. शेवंती हसंल," म्हणाली आणि मग रडली.

अडकित्ता मी अर्जुनच्या बायकोपुढे धरला. तुझ्या सासूला हवा होता, तू ठेव, म्हटलं. तिनं उलटसुलट करून पाहिला.

"मावशी, आता कोण सुपारी कातरतंय? घरातल्या समद्यांच्या खिशात गुटख्याच्या पुड्या हायत." तिनं तो मला परत दिला.

तेरावा करून मी दिल्लीला निघाले, रेल्वेनं. गाडीत पोलीस आला. माझ्या हातात अडकित्ता होता, मी सुपारी कातरत होते. त्यानं पाहिलं आणि पुढे गेला. रेल्वेत अडकित्त्याला कुणी हरकत घेत नाही.

मुलगा विचारतो, आई, विमान कसं वाटलं? चांगलं असतं, मी सांगते. वेळेवर सुटलं, वेळेवर पोचलं. उशीर माझ्याकडून झाला, आणि तोही त्या दिवशी झालेला नाही. शेवंतानं पहिल्यांदा अडकित्ता मागितला तेव्हाच देऊन टाकला असता, तर त्या पोलीस बाईला माझ्या चंचीत काही सापडलं नसतं.