बंबवाल्याचं मी लावलेलं लग्न

माझी एकच कथा आयुष्यात छापून आली, आणि ती वाचलेला माणूस आजही समोरून आला तर मी रस्ता बदलतो. "आगीतली प्रेमकथा तुमचीच ना हो?" असं लोक हसून विचारतात. त्या कथेत हसण्यासारखं काही नव्हतं. हसण्यासारखा मी होतो, आणि तेही कुणाला वेळेवर सुचलं नाही.

तेव्हा मी जळगावात कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कारकून होतो. वय चोवीस, डोक्याला चपचपीत तेल, खिशाला फाउंटन पेन. पुण्याच्या एका मासिकाला दर महिन्याला मी एक प्रेमकथा धाडायची आणि त्यांनी ती परत धाडायची, असा आमचा नेम होता. सरदार आणि राजकन्या धाडले, परत आले. कॉलेजातला तरुण आणि टेनिस खेळणारी तरुणी धाडली, तीही परत. कॉलेज मी फक्त बाहेरून पाहिलं होतं आणि टेनिस तेवढंही नाही. संपादकांना ते कळलं असावं.

मग आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, आमच्या कारखान्याला आग लागली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात. आमच्याकडे कापसातली कवडी-काडी, म्हणजे किडकी बोंडं आणि कचरा, निवडायला येणाऱ्या एका बाईची लेक अशीच धुळ्याहून आली होती. आई तापाने पडली म्हणून दोन दिवस तिच्या जागी ही कामावर आली. आग लागली तेव्हा ती आतल्या शेडमध्ये होती. कापसाची आग जागच्या जागी जळत नाही, पळते. हवेत उडणाऱ्या तंतूंवरून ती या टोकाची त्या टोकाला गेली आणि दार धुराने भरलं.

कारखान्याचा हातबंब होता. बैलगाडीवर पाण्याची टाकी, दोन्ही बाजूंना लांब दांडे, चार-चार माणसांनी ते वरखाली मारायचे. त्याचा प्रमुख बंबवाला पन्नाशीचा, पायांनी फेंगडा, तोंडात कायम तंबाखू. मागच्या कुठल्याशा आगीत त्याची डावी मिशी जळाली होती, ती पुन्हा नीट उगवली नव्हती. सगळे त्याला नाना म्हणत. नानाने एक गोणपाट टाकीत बुचकळलं, डोक्यावर घेतलं आणि आत शिरला. बाहेर आला तो वाकून, काहीतरी ओढत. ते ओढलेलं म्हणजे ती होती. अंगावर ओलं गोणपाट, आणि तिची वेणी नानाच्या मुठीत. तिचे हात कोपरापर्यंत भाजलेले, गुडघे सोललेले, डोक्याच्या मागचे मूठभर केस उपटलेले. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला शब्द होता, "वेणी सोड, मेल्या."

या सगळ्यात माझा पराक्रम विचाराल, तर मी बंबाच्या बैलांचं दावं धरून उभा होतो. बैल माझ्यापेक्षा शांत होते.

पुढचे तीन दिवस नाना घरी गेला नाही. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, दाबलेली गाठ वरून भिजते, पण आत विस्तव सरपटत राहतो आणि तिसऱ्या दिवशीसुद्धा भडकतो. म्हणून बंबवाल्याने गाठींपाशी बसायचं, तासातासाला एकेकीवर तळहात ठेवून बघायचं. कापसात काम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. मलाही होतं. ते माहीत असून मी जे केलं, त्याला चूक म्हणणं म्हणजे स्वतःचे लाड करणं आहे.

मी कथा लिहिली. नानाला पंचवीस वर्षांचा केला, कुरळे केस दिले, मिशी दोन्ही बाजूंना. त्याने नायिकेला दोन्ही हातांवर उचलून ज्वाळांतून आणलं, तिचं मस्तक त्याच्या छातीवर. आणि मग तो तीन दिवस अन्नपाण्याविना कारखान्याच्या दारात बसून राहिला. कशासाठी? तिच्या एका दर्शनासाठी. गाव कापसाचं, सण आखाजीचा, नायिका कवडी वेचणारीची लेक, भाजलेले हात तेच. फक्त तिला मी कुमारिका केलं. एवढं खोटं पुरेसं आहे अशी माझी समजूत.

कथा छापून आली. मी अंक काखेत मारून गावभर हिंडलो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या दारात उभं राहून मी ती कामगारांना मोठ्याने वाचून दाखवली, आवाजात चढउतार करून. एक म्हातारी म्हणाली, "मंग नाना तीन दिवस तिन्हासाठे बसेल व्हता का?"

मी नुसता हसलो. चाणाक्ष वाचकाने ओळखावं, असं ते हसू होतं. त्या हसण्याबद्दल मी स्वतःच्या थोबाडीत किती वेळा मारली असेल, मोजलेलं नाही.

धुळ्याला बातमी पोचायला आठ दिवस लागले. भाजलेले हात बरे होईपर्यंत ती माहेरीच होती. सासरचे न्यायला येणार होते. ते आले नाहीत. निरोप आला, तुमची लेक तुमच्याकडेच ठेवा.

ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातांवरची नवी कातडी गुलाबी, चकाकणारी.

"भाऊ, ते तुम्ही लिखेल शे ना?"

"अहो, ते काल्पनिक आहे," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मनाने रचलेलं."

"मंग मन्हं घर बी मनानं रची द्या," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी संपादकांना पत्र लिहिलं, कथा कल्पित आहे असा खुलासा छापा. त्यांचं उत्तर आलं: वाचकांना कथा फार आवडली, दुसरा भाग पाठवा, त्यात दोघांचं लग्न व्हावं अशी मागणी आहे. संताप आला असं लिहायला मला आवडलं असतं. खरं सांगतो, अर्धा दिवस मी खूश होतो. संताप संध्याकाळी आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

नाना माझ्याशी बोलत नव्हता. कामगार त्याला नवरदेव म्हणायला लागले होते आणि त्याच्या बायकोने त्याचं ताट ओट्यावर मांडायला सुरुवात केली होती. या सगळ्याला तीन महिने होत आले तेव्हा एका सकाळी तो आला आणि म्हणाला, "चाल धुळ्याले. तीबी ई ऱ्हायनी."

चाळीसगावला गाडी बदलायची होती. नानाने तिला चहा दिला, स्वतः घेतला. मला विचारलं नाही. दुपारी आम्ही तिच्या सासऱ्याच्या अंगणात उभे होतो. सासरा कापसाच्या बाजारात हमाल होता, म्हणून मला वाटलं, काम सोपं आहे. जन्मभर गाठी वाहणाऱ्याला गाठींचा पहारा समजावून सांगावा लागतो का?

"आबा," मी म्हणालो, "विझवलेली गाठ तीन दिवस आतून जळते, हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत शे."

"मग नाना तिथे का बसला होता ते—"

"माहीत शे. पण ते छापेल शे."

"मीच छापलं. मीच सांगतो, खोटं आहे."

"तव्हय खोटं बोलना का आते बोली ऱ्हायना?" म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं.

नाना तंबाखू थुंकून पुढे झाला. "मी तिले उचलं नही. वेणी धरीसनी ओढं, गाठ ओढतंस तशी. माले तर आंधारामा बाई शे का बारदान शे, ते बी समजनं नही." मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हाऊ भाऊ तव्हय बैलं धरी उभा व्हता. त्याले काय दिसनं?"

सासू उठली. सुनेच्या डोक्यावरचा पदर सारून तिने मागचा उघडा डाग पाहिला, त्यावर बोट फिरवलं. "चाल माय, घरमा चाल," ती म्हणाली. दारात उभा असलेला नवरा बाजूला सरकला. मला वाटलं, सुटलो. निर्लज्जासारखं मनात आलंही, शेवट बरा जमला.

ती हलली नाही.

"तीन महिना मी हाईच सांगी ऱ्हायनू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "निरोप धाडा, मन्हा सख्खा भाऊले धाडं. मन्हं कोनी ऐकं नही. याना कागद खरा, आते याना शब्द खरा. मी काय खोटी व्हतू?" मग नवऱ्याकडे वळून: "मी आज येवाव नही. तुम्ही जळगावले या. दिवसा, जिनिंगना दारमा. बठ्ठा लोक देखतीन, तठून माले लई जा."

परतीच्या गाडीत मी तोंड उघडलं होतं, पण नानाने पाहिलं आणि मी मिटलं.

नवरा आठव्या दिवशी आला. ती त्या गुलाबी हातांनी आईच्या जागी कामाला बसली होती. निरोप आत गेला, तरी ती उठली नाही. सुट्टीची घंटा होईपर्यंत तो दारात उभा राहिला, उन्हात, जाणारा-येणारा बघतो आहे अशा जागी. मग ती आली. पदराला लागलेले तंतू तिने निवांत झटकले. मी कचेरीतून धावत बाहेर आलो; क्षमा मागायला चार वाक्यं तयार होती, चांगली घोटून घेतलेली.

"भाऊ, सरका," ती म्हणाली. मी रस्त्यात उभा होतो.

मी सरकलो. ती पुढे, नवरा तिचं गाठोडं घेऊन मागे, असे दोघं स्टेशनच्या दिशेने गेले.