एकभावातली पिवळी दारं

किस्से सरकारी फायलींसारखे असतात. कोणी मागत नाही, पण फेकायचा धीरही होत नाही. तहसीलमध्ये तीस वर्षं कारकुनी केली, तिथे जमले त्याहून जास्त निवृत्तीनंतरच्या अठरा वर्षांत जमले. कारण मी ‘एकभाव’मध्ये राहायला आलो.

मानोऱ्याहून कारंजाकडे जाताना रस्त्यापासून थोडी आत ही वस्ती आहे. चौपन्न घरं. वसवणारे मोठे काका आता हयात नाहीत, त्यांचे नियम मात्र आहेत. सगळी घरं एका मापाची, एका रंगाची. दाराला कुलूप नाही, पाटी नाही. संध्याकाळी एक तास मौन. खोटं बोलायचं नाही. आणि आपलं अंगण आपण झाडायचं नाही, उजव्या शेजाऱ्याचं झाडायचं.

माणूस सुधारावा म्हणून हे केलेलं. माणूस सुधारला का, ते पुढे सांगतो.

*

केनवडचे एक नवे जावई उन्हातून वस्तीत सासरी आले. हातपाय धुतले, पाटावर बसले, पोटभर जेवले. मग सुपारी चघळत म्हणाले, “मंगल दिसून नाही राह्यली?”

घरधनी म्हणाले, “कोण मंगल? आमाले तं पोरगीच नाही!”

“मंग मले जेवाले कायले वाढलं?”

“तुमी हात धुऊन बसले ना!”

*

वस्तीत आजवर एकच चोरी झाली. कुलपाची!

एका निवृत्त इंजिनिअरांचा विश्वास जरा डळमळीत होता. त्यांनी कारंजाहून गुपचूप पितळी कुलूप आणलं आणि वऱ्हांड्यात ठेवलं. सकाळी कुलूप नाही. बिचाऱ्यांना तक्रारही करता येईना. समितीच्या बैठकीत ते सारखे विचारत होते, “कोणाचं काही हरवलं का?”

*

मौनाच्या तासाला सभागृहात साप निघाला. सगळ्यांनी पाहिला. चाळीस माणसं पाय वर घेऊन चुपचाप बसली. अध्यक्षांनी तर डोळे मिटून घेतले. घंटा झाल्याबरोबर सगळे एकदम ओरडले, “साप! साप!” तोवर तो शेतात पोचला होता.

घंटेनंतरही मौन पाळलं ते त्यानेच.

*

झाडण्याच्या नियमाने वस्तीत प्रेम वाढेल अशी मोठ्या काकांना आशा होती. वाढली ती तपासणी. “काल कोपऱ्यातला पाला राह्यला होता बरं!” असं लोक अगदी प्रेमाने सांगतात.

माझं अंगण मात्र वस्तीत पहिल्या नंबरचं. ते माझ्या डाव्या शेजारच्या सुमनबाई झाडत. त्यांचे यजमान इंगोले मास्तर. सुमनबाई अंगण झाडून झालं की झाडू उंबऱ्याशी उभा ठेवत आणि माझ्या बायकोला हाक मारून म्हणत, “झालं वं, बाई!” बायको गेल्यावरही त्या म्हणत. मी आतून “हो” म्हणायचो.

*

दोनेक वर्षांपूर्वी सुमनबाई विसरायला लागल्या. आधी मीठ, मग नावं, मग घर. चौपन्न सारखी घरं आणि एकालाही कुलूप नाही. विसरणाऱ्या माणसासाठी याहून वाईट गाव कोणी आखलं नसेल. कुठल्याही घरात शिरत आणि चूल आपली समजून चहा ठेवत. लोक पीत. चहा चांगला असे.

एकदा त्या थेट डांबरी रस्त्यावर सापडल्या. समोरून ट्रक येत होता.

मुलगा सुनील पुण्याहून आला. म्हणाला, “बाबा, दाराले बाहेरून कडी लावा. नाही तं मी आईले नेतो. तिकडं अशा लोकायची संस्था हाये.”

मास्तर म्हणाले, “चाळीस वर्स हिनं माह्यासाठी दार उघडलं. आता मी कडी लावू?”

“मंग एक महिना देतो. आई अजून एकदा हरवली, तं मी इचारनार नाही.”

*

मास्तरांनी समितीकडे अर्ज केला. अर्ज मीच लिहून दिला. मागणी एवढीच, की आमचं एक दार पिवळं करू द्यावं, म्हणजे तिला ओळखू येईल.

समितीत तीन तास चर्चा झाली. दोन जणांचे डोळे पाणावले. अर्ज एकमताने मंजूर झाला! मग अध्यक्ष म्हणाले, “पण एकाचंच दार पिवळं, हे आपल्या तत्त्वात कसं बसन?”

आठ दिवसांत चौपन्न दारं पिवळी झाली. मास्तरांनी सगळ्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार!

*

त्यानंतर सुमनबाई एकाच घरात जाऊ लागल्या. माझ्या.

सकाळी येत, चहा ठेवत, खिडकीशी बसत. तिथून हलत नसत. संध्याकाळी मास्तर न्यायला आले की चिडत. “घर सोडून कुठं नेऊन राह्यले मले?” मास्तर हात धरून त्यांना शेजारी नेत. तिथे बसल्या की त्यांची नजर दाराकडे. मास्तरांचा डोळा लागला की निघाल्याच.

महिन्यातले तेरा दिवस उरले होते.

मी मास्तरांना म्हटलं, “घरं बदलून टाकू.”

“बाबू, तुमच्या घरात तुमच्या बायकोची...”

“घरं सारखीच आहेत, मास्तर. काकांनी कशासाठी बांधली मग?”

हे पूर्ण खरं नव्हतं. माझ्या खिडकीशेजारच्या भिंतीवर तेलाचा एक डाग आहे. माझी बायको तिथे डोकं टेकून बसायची. दर दिवाळीला चुना मारला तरी तो वर येतो. समितीने मात्र लगेच मान्यता दिली. सारख्याला सारखं दिलं, तर नोंद तरी कशाची करणार?

तेराव्या दिवशी सुनील गाडी घेऊन आला. आई खिडकीशी, भिंतीला डोकं टेकून बसलेली. त्याने विचारलं, “घराबाहेर जाते का आई?”

“गेल्या दहा-बारा दिसात एकदाही घर चुकली नाही,” मास्तर म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सुनील चहा पिऊन एकटाच परत गेला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू घेतला. आता मी मास्तरांच्या घरात, म्हणजे उजवं अंगण माझ्या जुन्या घराचं. पहिलाच हात मारला, तेवढ्यात पिवळं दार उघडून सुमनबाई बाहेर आल्या. स्वतःच्या घरातून याव्यात तशा. त्यांनी माझ्या हातातून झाडू काढून घेतला.

“असं काहून करता, भाऊजी? आपलं आंगण आपन झाडाचं नसते.”

सगळं अंगण त्यांनी झाडलं. झाडू उंबऱ्याशी उभा ठेवला आणि आत तोंड करून हाक मारली, “झालं वं, बाई!”

मी बाहेरूनच “हो” म्हटलं.